काटकसरीची चूल आणि हक्काचे ताट

महागाई वाढली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून काटकसरीचे धडे सुरू होतात. तेल मोजून वापरा, उरलेले अन्न फेकू नका, हॉटेलात जाणे टाळा, आठवड्याचा बेत आधी ठरवा. धडे चांगले आहेत. पण ते वाचून आमच्या वस्त्यांतील आयाबायांना हसूच येईल. ज्या घरात तेल वाटीने विकत आणले जायचे, त्या घराला तेल मोजायला कोणी शिकवायचे? काटकसर शिकवण्याचा अधिकार कोणाला असेल तर तो या बायांना आहे. पाच-सहा माणसांचे पोट थोड्या पैशात भरायचे आणि तेही असे भरायचे की परगावी शिकायला गेलेल्या पोराला तीच आमटी आठवावी, ही मोठी विद्या आहे. या विद्येची दखल प्रस्थापितांच्या पाकशास्त्राने घेतली नाही. आज लिहायचे आहे ते या विद्येबद्दल आणि तिचे कौतुक करता करता गरिबांची जी फसवणूक केली जाते तिच्याबद्दलही.

आधी विद्या. मराठवाड्यातील आपल्या घरांत येसर नावाची चीज असते. ज्वारी किंवा बाजरी, थोडे गहू, हरभऱ्याची डाळ खरपूस भाजायची, त्यात धने, जिरे, मिरे, मिरची, हळद घालून दळून आणायचे. डबा भरून ठेवला की कित्येक महिने टिकतो. घरात डाळ नसली, भाजी नसली, पाहुणा अवेळी आला, तरी चिंता नाही. लसणाची फोडणी द्यायची, पाणी ओतायचे, मूठभर येसर कालवून सोडायचा, मीठ टाकायचे. एक उकळी आली की पाच माणसांची आमटी तयार. डाळ शिजवायचा वेळ वाचला, सरपण वाचले, पैसाही वाचला. आणि चव? भाकरी कुस्करून त्या आमटीत बुडवून खाल्लेल्या माणसाला चवीबद्दल वेगळे सांगावे लागत नाही. माझी आई सुगी संपली की येसर करायला घ्यायची. तो डबा म्हणजे आमच्या घराचा विमा होता.

दुसरा आधार हुलग्याचा. कोकणात त्यालाच कुळीथ म्हणतात. पाऊस दगा देतो तेथे हलक्या जमिनीतही हे कडधान्य तग धरते. हुलग्याच्या पिठात थोडे ज्वारीचे किंवा गव्हाचे पीठ मिसळून, वाटलेला लसूण आणि मिरची घालून शेंगोळे वळायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. पीठ पाण्यात उतरून रस्सा आपोआप दाट होतो. भाजी, भाकरी, आमटी सगळे एकाच भांड्यात. थंडीत किंवा तापातून उठलेल्या माणसासाठी याच पिठाचे गुळाचे माडगे. चकोल्यांचेही तसेच. उकळत्या वरणात चपातीचे तुकडे कापून सोडले की ज्या घरात वेगळी भाजी करायला पैसे नाहीत तेथेही मुले दोनदा मागून घेतात.

अंबाडीची भाजी आंबट म्हणून नुसती खाववत नाही. तिच्यात मूठभर तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवले, वरून लसणाचे कढत तेल ओतले की ताट भरते. यामागे शास्त्रही आहे. धान्यातील प्रथिनांत जी उणीव असते ती डाळ भरून काढते, आणि धान्यासोबत डाळ शिजवण्याची रीत आपल्या बायांनी कोणत्याही आहारतज्ज्ञाला न विचारता सांभाळली. पावसाळ्यात तरोटा, पाथरी, घोळ, तांदुळजा या भाज्या बांधावरून खुडून आणायच्या, हिवाळ्यात हरभऱ्याचा कोवळा पाला वाळवून ठेवायचा, मटकीला मोड आणायचे, शेंगदाण्याची, जवसाची, कारळाची चटणी कुटून ठेवायची. बाजारच्या दिवशी मूठभर सुकट किंवा चार बोंबील आणायचे, तव्यावर भाजायचे आणि वांग्यात टाकायचे. थोडक्या सुकटीने भांडेभर कालवणाला चव येते, पोटात प्रथिनेही जातात. ज्वारीचे पीठ जुने होऊन त्याची विरी गेली तर फेकायचे नाही, उकळत्या पाण्यात उकड काढून भाकरी थापायची. वाया काही जात नाही.

वाया न घालवण्याच्या या रीतीत शिळ्या भाकरीला मोठा मान आहे. रात्रीची भाकरी सकाळी कुस्करायची, कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी द्यायची, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचे. मुले ते खाऊन शाळेत जातात. पण आपल्या समाजाला शिळ्या भाकरीची आणखी एक आठवण आहे आणि ती गोड नाही. गावकीची कामे करायची आणि त्याच्या बदल्यात दारोदार तुकडे मागायचे, हा बलुत्याच्या नावाने चाललेला व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या आपल्या वाट्याला आला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शिळ्या तुकड्यांसाठी माणुसकी विकू नका, मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडा, असे बजावले. आपल्या आजी-पणजींनी ते ऐकले. तुकडे बंद झाल्यावर कित्येक घरांत उपास पडले असतील, पण त्या मागे हटल्या नाहीत. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली.

हा इतिहास लक्षात घेतला की घरच्या जेवणाचा आपल्यासाठी अर्थ काय, हे कळते. आपल्या चुलीवरची शिळी भाकरी आणि दुसऱ्याच्या दारातला ताजा तुकडा यांत पोटाच्या दृष्टीने फरक नसेल. माणुसकीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. घरचे जेवण म्हणजे स्वतःच्या कष्टाचे, स्वतःच्या निवडीचे, ताठ मानेने खाल्लेले जेवण. ते स्वस्त असेल, हलके मात्र नाही. स्वस्त आणि हलके यांची गल्लत करणे ही जातिव्यवस्थेची जुनी चलाखी आहे.

या चलाखीने आपल्याच माणसांना लाजायला शिकवले. वस्तीतून कॉलनीत राहायला गेलेले कुटुंब पहिली खबरदारी घेते ती वासाची. सुकट भाजायची तर खिडक्या लावून. वजडी आणायची तर काळ्या पिशवीतून. पाहुणे आले की पनीर. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले. मराठवाड्यातील दलितांच्या खाद्यसंस्कृतीची तपशीलवार नोंद त्यात आहे. ते वाचताना अनेकांना आपल्या आजीच्या हातचे पदार्थ पहिल्यांदाच छापील अक्षरांत भेटले. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्यांच्या ताटात आपली चूल कधी मोजलीच गेली नव्हती, हे त्या पुस्तकाच्या नावानेच सांगून टाकले.

याच ठिकाणी एक फरक स्पष्ट करायला हवा. १९२७ नंतर आपण मेलेल्या जनावराचे मांस सोडले ते स्वाभिमानासाठी, स्वतःच्या निर्णयाने. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी होती, ती आता बैल आणि वळूंनाही लागू झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कत्तल झालेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. कायदा काय म्हणतो हे कार्यकर्त्यांना माहीत असावे, म्हणून हा तपशील दिला. म्हशीचे मांस त्या बंदीत येत नाही. परंतु गरिबाच्या ताटातील एक स्वस्त आणि कसदार पदार्थ सरकारने काढून घेतला आणि त्याच्या जागी काय खायचे, हे सांगितले नाही, ही वस्तुस्थिती आहे. आपण होऊन सोडणे हा त्याग असतो. दुसऱ्याने हिसकावून घेणे याला त्याग म्हणत नाहीत.

भाकरीची गंमत आणखी वेगळी. १९७२ च्या दुष्काळात सरकारने अमेरिकेची लाल मिलो ज्वारी वाटली, दुष्काळी कामांवर सुकडी दिली. त्या काळातील जाणती माणसे त्या मिलोची चव आजही तोंड वाकडे करून सांगतात. पुढे रेशनवर गहू-तांदूळ रुळले आणि भाकरी खाणारा अडाणी, चपाती खाणारा सुधारलेला असे समीकरण झाले. मग २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले आणि आपल्या केंद्र सरकारने ज्वारी-बाजरी-नाचणीला ‘श्रीअन्न’ असे नाव दिले. भाकरीला प्रतिष्ठा मिळाली, चांगले झाले. पण ती मॉलमध्ये चकचकीत पुड्यांत जाऊन बसली आणि ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या थापली त्यांच्या रेशनच्या पिशवीत बहुतेक ठिकाणी गहू आणि तांदूळच राहिले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने देण्याची तरतूद होती. मग ज्वारीच्या पट्ट्यात रेशनवर ज्वारी का नाही, हा प्रश्न आपण किती वेळा विचारला?

आता फसवणुकीकडे वळू. गरीब बाई थोडक्यात घर चालवते, याचे कौतुक सगळेच करतात. ती कोंड्याचा मांडा करते म्हणतात. पण तिच्याकडे कोंडाच का आला, हे कोणी विचारत नाही. हिशेब करून पाहा. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय कुटुंबाला एकूण ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. ५ किलोला ३० दिवसांनी भागले तर दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास पडतात. म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांचे पीठ. दिवसभर ऊस तोडणारा, विटा वाहणारा, गटारात उतरणारा माणूस दोन भाकऱ्यांवर राहतो का? डाळ, तेल, भाजी, इंधन सगळे विकतच. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंब ठरवताना वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरात ५९,००० रुपये ठरवण्यात आली. शहरात महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत! त्याहून चार पैसे जास्त कमावणारा कागदावर श्रीमंत होतो आणि यादीबाहेर पडतो.

मोफत धान्य म्हणजे उपकार, अशी भाषा नेते वापरतात. वकील म्हणून सांगतो, हा उपकार नाही. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. गोदामे धान्याने भरलेली असताना माणसे उपाशी का, असा तिचा सवाल होता. घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्कात अन्नाचा हक्क येतो, या पायावर ती उभी होती. त्या प्रकरणातील एकामागून एक आदेशांनी २०१३ च्या कायद्याची वाट तयार केली. घटनेचे ४७ वे कलमही लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. हक्क आणि भीक यांतला फरक आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. तो आपण १९२७ मध्येच शिकलो आहोत.

कायद्यात हत्यारेही आहेत. हक्काचे धान्य मिळाले नाही तर आठव्या कलमाप्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्यावर राज्य अन्न आयोग आहे. सामाजिक अंकेक्षण आणि दक्षता समित्या यांची तरतूद आहे. रेशनकार्डाच्या शिबिरात भेटणाऱ्या दहा जणांना विचारले तर यातले एकही नाव माहीत नसते. अंगठा यंत्रावर उमटत नाही म्हणून परत पाठवलेल्या म्हाताऱ्या भेटतात. आयुष्यभर भाकरी थापून, खुरपून, विटा उचलून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याच बोटांना यंत्र ओळखत नाही. यंत्राने ओळखले नाही म्हणून माणसाचा हक्क संपत नाही, हे दुकानदाराला लेखी तक्रार करून सांगावे लागते.

एक तरतूद मुद्दाम सांगण्यासारखी आहे. कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे रेशनकार्डापुरती कुटुंबप्रमुख ही घरातील १८ वर्षांवरील सर्वांत मोठी स्त्री असते. कागदावर ती प्रमुख. प्रत्यक्ष ताटावर मात्र ती शेवटची. आधी नवरा, मग मुलगे, मग मुली, मग उरले तर ती. शेंगोळ्यातला रस्सा तिच्या वाट्याला, शेंगोळे दुसऱ्यांच्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. निम्म्याहून अधिक! घराघरांतील काटकसरीची किंमत कोणाच्या रक्तातून वसूल होते, याचे उत्तर या आकड्यात आहे. समतेची भाषणे ठोकणाऱ्या आपल्या पुरुष कार्यकर्त्यांनी रात्री घरी गेल्यावर एकदा बायकोचे ताट पाहावे. त्यात काय उरले आहे, हे पाहिल्याशिवाय स्वतःच्या ताटावर बसू नये.

तशीच गोष्ट आपल्या मुलांची. पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात, नागपुरात खोली करून राहणारी हजारो मुले-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. योजना सुरू झाली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी भोजन भत्ता वर्षाला ३२,००० रुपये होता, म्हणजे दिवसाला ८८ रुपयेही नाहीत. आणि भूक रोज लागते, हप्ता मात्र रोज येत नाही. मग सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी वडापाव, रात्री दोन मिनिटांच्या शेवया. पोट भरल्यासारखे वाटते, अंगाला काही लागत नाही. या मुलांना माझे सांगणे असते, घरून येताना येसरचा डबा आणा, शेंगदाण्याची चटणी आणा, सुकट आणा. फ्रीज लागत नाही. चौघांत एक शेगडी आणि एक कुकर घ्या. मूग-तांदळाची खिचडी, मोडाची मटकी, दोन अंडी, वर लिंबू. पाळी लावून शिजवा. आणि मुलांनो, पाळी मुलांनीही लावायची आहे. आईने शिजवले, आता मेसवाल्या मावशीने शिजवावे, उद्या बायकोने शिजवावे, हा काही बाबासाहेबांचा मार्ग नाही. शिजवलेल्या सुकटीचा वास आला म्हणून घरमालक खोली सोडायला सांगत असेल, तर तो वासाच्या आडून जात विचारतो आहे, हेही ओळखा.

शाळेतल्या ताटाकडेही लक्ष हवे. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण द्यायला लावले. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षाचे किमान २०० दिवस. २० एप्रिल २००४ च्या आदेशाने स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना प्राधान्य देण्यास सांगितले. हा दुसरा आदेश फार मोलाचा आहे. आपल्या बाईने शिजवलेले अन्न सगळ्या जातींच्या मुलांनी एका पंगतीत खावे, इतके साधे आणि इतके क्रांतिकारक ते कलम आहे. तुमच्या गावच्या शाळेत स्वयंपाक कोण करते, हे कधी जाऊन पाहिले का? महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस या जेवणात आठवड्यातून एकदा अंडे सुरू झाले. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला, हवे असेल तर लोकसहभागातून द्या म्हणाले. ज्या घरात अंडे सणासारखे येते त्या घरच्या मुलाने ते लोकसहभागातून मिळवायचे?

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीची एक कथा आहे. तथागत उपदेश करणार होते. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो शोधून, दमून, उपाशीपोटी तो उशिरा पोहोचला. तथागतांनी उपदेश थांबवून ठेवला होता. तो आल्यावर आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मगच धम्म सांगितला. भिक्खूंनी याबद्दल कुजबूज केली तेव्हा भुकेच्या वेदनेत माणसाला धम्म समजू शकत नाही, हे त्यांनी त्यांना समजावले. अडीच हजार वर्षांपूर्वी जे एका शेतकऱ्यासाठी झाले, ते आपल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक बैठकीत व्हायला हवे. आधी भूक, मग भाषण.

तेव्हा करायचे काय? येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा दोन वह्या काढा. पहिल्या वहीत वस्तीतील जुन्या-जाणत्या उपासिकांनी सांगितलेले पदार्थ लिहा. येसरचे प्रमाण, शेंगोळे वळण्याची रीत, कोणती रानभाजी कोणत्या महिन्यात येते आणि कोणती खाऊ नये. त्या बाया गेल्या की हे ज्ञान त्यांच्याबरोबर जाईल. मग उद्या तेच आपल्याला महागड्या पुड्यांत विकत घ्यावे लागेल. लिहून घेण्याचे काम तरुण पोरांनी करावे आणि लिहिलेले घरी जाऊन शिजवूनही पाहावे. दुसऱ्या वहीत वस्तीतील घरांची यादी करा. कोणाकडे कार्ड आहे, कोणाचे नाव वगळले, कोणाचा अंगठा उमटत नाही, कोणाला किती किलो कमी मिळते. त्यावरून तक्रारी तयार करा आणि जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पोच घेऊन द्या. वकील मंडळींनी हे काम फी न घेता करावे.

एका वहीने चूल सांभाळली जाईल, दुसरीने ताट. पहिलीच भरली तर सरकार म्हणेल, बघा, यांचे थोडक्यात भागते. दुसरीच भरली तर गहू-तांदळाच्या पिशव्या येतील, पण त्यांतून रुचकर, कसदार जेवण कसे करायचे ते विसरलेले असू. दोन्ही वह्या सोबतच भरायच्या आहेत. जयभीम!